जेनेरिक औषधे : नाव मोठे की गुण मोठा?

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना उशाशी ठेवलेली औषधांची पिशवी हमखास दृष्टीस पडते. रक्तदाबाची रोजची गोळी कुणी दिवसाआड घेत असते. कारण विचारता उत्तर मिळते, ''फादर, महिनाभर पुरवायला हवी ना!'' म्हणूनच जेनेरिक औषधांचा प्रश्न हा केवळ डॉक्टर आणि सरकार यांच्यातील वाद नव्हे.

डॉक्टरांनी औषधे जेनेरिक, म्हणजे मूळ द्रव्याच्या नावानेच लिहावीत, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. दर्जाची हमी नसताना औषधाची निवड दुकानदाराच्या हाती जाईल, असा आक्षेप भारतीय वैद्यकीय संघटनेने घेतला. त्याच महिन्यात नियम स्थगित झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संशोधक कंपनीला पेटंटमुळे वीस वर्षे मक्तेदारी मिळते. मुदत संपल्यावर तेच द्रव्य इतरांना बनविता येते. आपल्या १९७०च्या कायद्याने तर औषधावर नव्हे, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट दिले. ही स्थिती २००५ पर्यंत टिकली. परिणामी आपण 'ब्रँडेड' म्हणून घेतो त्यांतील बहुसंख्य औषधे मुळात जेनेरिकच आहेत; वेगळे आहे ते वेष्टनावरील व्यापारी नाव.

किमतीतील तफावत किती जीवघेणी असू शकते हे रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेकने दाखविले. त्याचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर जेनेरिकचा सुमारे १० हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकचा पेटंटचा दावा फेटाळला. आरोग्यक्षेत्रात बौद्धिक संपदेचा हक्क अतिताठरपणे राबवू नये, असा इशारा पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००९ च्या 'कारितास इन वेरिताते' या विश्वपत्रात दिला होता.

तरीही डॉक्टरांची शंका अगदीच निराधार नाही. मात्र ब्रँडचे नाव हे तिचे उत्तर नव्हे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे खोकल्याच्या औषधातील विषारी द्रव्याने बालके दगावली; त्या बाटलीवर व्यापारी नाव होतेच! दर्जा राखला जातो तो कारखान्यांच्या काटेकोर तपासणीमुळे. ती शासनाची जबाबदारी आहे आणि तिची मागणी करणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे.

श्रद्धावंतांनी दोन गोष्टी कराव्यात. 'हेच औषध स्वस्तात मिळेल का?' असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत चौकशी करावी. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याची गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना परस्पर बदलू नये.

दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि पुढील खर्चाचीही तजवीज केली. आपल्या धर्मग्रामातील कोणी पैशांअभावी गोळी दिवसाआड घेत असेल, तर ते विचारण्याची सुरुवात आपल्या शेजारच्या घरापासून व्हावी.