खसखशीचा दाणा

आमच्या पुतण्याची कन्या अमेरिकेत परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. प्रत्यक्ष रुग्णसेवेस जाण्यापूर्वी तेथे विद्यार्थ्याच्या पूर्वचारित्र्याची चौकशी होते व मूत्र तपासून मादक द्रव्यांचा शोध घेतात. गेल्या दिवाळीत आम्ही जळगाव जामोदहून अनारसे धाडले, तो तिचा निरोप आला, "आजोबा, तपासणी होईपर्यंत डबा उघडणार नाही." कारण खसखस! अफूच्या बोंडातलेच ते दाणे. त्यांस चिकटलेला मॉर्फीनचा अंश मूत्रात उतरतो. याचसाठी तेथील सरकारने १९९८ साली आपल्या नोकरांच्या चाचणीची मर्यादा मिलिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली; पण सर्वच प्रयोगशाळा ती पाळतात असे नाही.

घरच्या मंडळींस हा पोरीवरचा अविश्वास वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याचे कुल, वय, शील, फार काय जीभ, ओठ व दातही पाहावयास सांगितले आहेत. मात्र तेथे गुरूही शपथेने बांधला जातो: शिष्य नीट वागत असता आपण त्यास अन्यथा लेखले, तर पाप आपणांस लागो व आपली विद्या निष्फळ होवो. प्रयोगशाळाही अशी काही शपथ घेते काय, हे आम्ही पोरीस विचारले आहे.

डबा तीन आठवड्यांनी उघडला. अनारसे मऊ पडले होते म्हणे.