शुक्रवारपर्यंत होणार नाही, हे इंग्रजीत कोण सांगणार?

सॉफ्टवेअर टीमचं नेतृत्व हाती आलं की पुण्यातला इंजिनीअर आधी स्वतःच्या इंग्रजीकडे पाहतो. उच्चारासाठी क्लास लावतो, मोबाइलवर ॲप घेतो, अमेरिकी क्लाएंटच्या तोंडचे शब्द आपल्या बोलण्यात पेरू लागतो. मेहनत खरी असते, पण ती भलत्या ठिकाणी खर्च होते. हिंजवडी-खराडीतल्या टीमचं घोडं उच्चारापाशी क्वचितच अडतं. चार साधी वाक्यं वेळेवर बोलली जात नाहीत, तिथे ते अडतं. हे शुक्रवारपर्यंत होणार नाही. मला समजलं नाही, पुन्हा सांगा. ही नवी मागणी घ्यायची तर आधीची एक सोडावी लागेल. चूक आमची आहे, दुरुस्तीला दोन दिवस लागतील.

टीम लीडचं इंग्रजी जोखायचं तर ते या वाक्यांवर जोखावं.

या टीम ज्या अजाइल पद्धतीने सॉफ्टवेअर बनवतात, तिचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या ठिकाणी जमलेल्या सतरा जणांनी लिहिला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा, हे त्यातलं पहिलंच मूल्य. समोरासमोर बसून बोलण्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही, असंही त्यासोबतच्या तत्त्वांत म्हटलं आहे. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी होती. पुण्यात मात्र हा संवाद संध्याकाळी सात वाजता स्क्रीनवर होतो, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. कॅमेरे बहुधा बंद, आणि बोलायची भाषा निम्म्याअधिक टीमला शाळेत किंवा कॉलेजात शिकून आलेली.

अजाइलमधल्या स्क्रम या पद्धतीच्या मुळाशी तर जपानी कंपन्या आहेत. ताकेउची आणि नोनाका या दोन अभ्यासकांनी १९८६ साली होंडा, कॅनन अशा कंपन्यांतल्या टीमबद्दल एक लेख लिहिला आणि रग्बीतल्या स्क्रमची उपमा तिथून पुढे सॉफ्टवेअरमध्ये आली. त्या टीम आपसात जपानीतच वाद घालत आणि चुका कबूल करत. जगभर कौतुक झालेला हा मोकळेपणा स्वतःच्या भाषेतला होता, हे आपल्याकडच्या प्रशिक्षणांत कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं.

परक्या भाषेत माणूस पाठ केलेल्या वाक्यांचा आधार घेतो. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे डेली स्क्रम या रोजच्या छोट्या मीटिंगचे तीन प्रश्न अनेक ठिकाणी असेच पाठ झाले. काल या स्टोरीवर काम केलं, आज तेच पुढे चालू, अडथळा नाही. पंधरा मिनिटांची मीटिंग दहा मिनिटांत आटोपते आणि टेस्ट सर्व्हर तीन दिवस बंद आहे हे कुणालाच कळत नाही. २०२० च्या स्क्रम गाइडमधून हे तीन प्रश्न काढून टाकले गेले. स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्याच्या, उद्दिष्टाकडे किती सरकलो यावर बोला, रचना तुमची तुम्ही ठरवा, एवढंच आता तिथे सांगितलं आहे. तरीही कित्येक टीम ते प्रश्न सोडत नाहीत, कारण त्यांची उत्तरं इंग्रजीत तयार असतात.

बोथट वाक्याची किंमत विमान वाहतुकीने फार आधी मोजली. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एव्हियांकाचं बोइंग ७०७ खराब हवामानामुळे सव्वा तास आकाशात थांबवून ठेवलं गेलं. इंधन संपत आलं होतं. इमर्जन्सी आहे असं सांग, असं कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये बजावलं. सहवैमानिकाने कंट्रोलरकडे इंग्रजीत प्राधान्य मागितलं, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण तो ठरलेला शब्द उच्चारला नाही. कंट्रोलरना निकड कळली नाही. चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं आणि १५८ पैकी ७३ जण गेले.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यासाठी भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी त्यातली किमान चौथी पातळी लागते. या पातळीवर उच्चारावर मातृभाषेची छाप असलेली चालते. गैरसमज झाल्यासारखा वाटला तर विचारून, खात्री करून, स्पष्ट करून घेता येणं मात्र आवश्यक असतं. आयटी कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांनी हा निकष जसाच्या तसा उचलावा. स्प्रिंट फसली म्हणून कुणाचा जीव जात नाही हे खरं, पण बँकेचं किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर अर्धवट बाहेर पडलं की त्रास सामान्य माणसालाच होतो.

यातला मोठा वाटा टीम लीडचा. झालं का, असं विचारलं की ज्युनिअर मुलगी येस म्हणते, कारण अडखळत कारणं सांगण्यापेक्षा ते सोपं असतं. काय राहिलंय, असं विचारलं तर तिला काहीतरी सांगावंच लागतं. प्रश्न विचारून झाल्यावर लीडने गप्प राहायला शिकावं. समोरचा शब्द शोधत असताना त्याचं वाक्य स्वतः पुरं करणारा लीड मदत करतो आहे असं दिसतं, पण त्या माणसाचं खरं म्हणणं तिथेच हरवतं. रेट्रो म्हणजे स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीआधी प्रत्येकाने आपले मुद्दे हव्या त्या भाषेत लिहून काढावेत. पुण्याच्या टीममध्ये तमिळ, बंगाली, हिंदी बोलणारेही असतात, त्यामुळे मराठीचाच हट्ट धरण्याचं कारण नाही. आतली चर्चा ज्या भाषेत सगळे मोकळे होतील त्या भाषेत व्हावी आणि निष्कर्ष इंग्रजीत जावेत.

क्लाएंटनेही दोन पावलं पुढे यायला हवं. बेसबॉलमधले वाक्प्रचार टाळणं, महत्त्वाचा निर्णय कॉलनंतर दोन ओळींत लिहून पाठवणं, यात त्याचं काही जात नाही. आपल्या लीडनी ते संकोच न करता मागावं. बहुतेक वेळा मिळतं.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली. असं शिकलेली मुलं आता नोकरीच्या दारात आहेत. त्यांना स्वतःबद्दल सांगा असं म्हणून इंग्रजीचा ओघ तपासण्यापेक्षा मुलाखत घेणाऱ्यांनी एक प्रसंग द्यावा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा आठवा दिवस, सर्व्हर बंद, क्लाएंट कॉलवर. काय बिघडलं, कधी होईल, काय सोडावं लागेल, एवढं साध्या इंग्रजीत सांगायचं आणि क्लाएंटचा एक प्रश्न नीट समजून घ्यायचा. गुण या दोनच गोष्टींना असावेत, उच्चाराला नसावेत. आणि टीम लीडच्या बढतीच्या वेळीही हीच परीक्षा घ्यावी.