यंत्राला ऊन लागले!

प्रत्येक वर्तमानपत्रात नवलाच्या बातम्यांचा एक कोपरा असतो. कुठे दोन तोंडांचे वासरू जन्मते, कुठे एखाद्याच्या मिशा जगात लांब ठरतात. वाचक तो कोपरा आधी वाचतात, अग्रलेख नंतर. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा भंडारा जिल्हाही या कोपऱ्याला कमी माल पुरवीत नाही. नागझिऱ्यातून निघालेला 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये गळ्यातल्या यांत्रिक पट्ट्यासकट बेपत्ता झाला. त्याच्यासाठी सीबीआय चौकशीची मागणी झाली! पण आमच्या मते जिल्ह्याचे खरे नवल २८ मे २०१८ रोजी घडले. त्या दिवशी मतदानयंत्राला ऊन लागले.

भंडारा-गोंदिया लोकसभेची ती पोटनिवडणूक. नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यामुळे लागलेली. सकाळपासूनच केंद्राकेंद्रांवर व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडू लागली. लोक रांगेत उभे, वर विदर्भाचा मे महिना, आणि कारण काय सांगण्यात आले? तर उन्हामुळे यंत्रे बिघडली! शेवटी ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली.

आमच्याकडे उन्हात निघताना माणूस खिशात कांदा ठेवतो. खडी गंमतीच्या फडात ही बातमी पोहोचली असती तर पहिला सवाल आला असता, "काऊन जी, मिशनच्या खिशात कांदा नव्हता का?" झाडीपट्टीची रंगभूमी अशाच सवालांवर जगली आहे. तिच्यातले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती उशिराच मिळाली म्हणायची. साहेबाचे उत्तर ऐकून घेऊन त्याला पुन्हा भाबडा प्रश्न विचारायचा, ही आमच्या मातीतली विद्या आहे. विज्ञानही दुसरे काय करते?

म्हणून आम्हीही एक भाबडा प्रश्न विचारतो. त्याच दिवशी समुद्राकाठच्या पालघरला आणि उत्तर प्रदेशातल्या कैरान्यालाही पोटनिवडणूक होती. यंत्रे तिथेही बंद पडली. मग पालघरला काय भंडाऱ्याचे ऊन होते? पुढे निवडणूक आयोगाने जे कारण दिले ते निराळेच निघाले. यंत्रातल्या संवेदकावर थेट प्रकाश पडला की त्याचा गोंधळ उडतो आणि कागदाची गुंडाळी हवेतला ओलावा धरते. त्यावर उपाय म्हणून संवेदकावर झाकण बसवले आणि ओलावा न धरणारा कागद आणला. म्हणजे दोष रचनेत होता, शिव्या मात्र आमच्या सूर्याने खाल्ल्या. व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरले गेले २०१३ मध्ये, नागालँडच्या नोकसेनला. त्यानंतरच्या पाच वर्षांत कुणी खिडकीजवळ ठेवून ते पाहिलेच नव्हते काय?

गंमत अशी की मतदानयंत्र चालते बॅटरीवर. गावात वीज असेलच याची खात्री नाही, म्हणून. बॅटरीच्या सेलला लागते मँगनीज डायऑक्साइड आणि ते सापडते आमच्याच तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत. मॉईल ते तिथून काढते. आमचा दगड देशाच्या बॅटऱ्या चालवतो आणि आमचे ऊन यंत्रे बंद पाडते, असे हे भंडाऱ्याचे नशीब!

हसून झाले. आता हिशेब. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, ते त्याच उन्हात ज्यात यंत्र 'आजारी' पडले. विडी वळणारीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. २८ तारखेला ती रांगेत उभी राहिली, यंत्र बंद म्हणून घरी गेली, ३० तारखेला पुन्हा आली. दोन दिवस बुडाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये मतदानाच्या दिवशी रोजंदारी मजुरालाही भरपगारी सुटी आहे. विड्या मोजून पैसे घेणारीला ही सुटी कोण देतो? तरीही ती आली. नवलाच्या कोपऱ्यात हे छापून यायला हवे होते.

कारण या जिल्ह्याने मताची किंमत फार आधी पाहिली आहे. १९५४ च्या मे महिन्यात याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मते. सोबत प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. १९५२ ला उत्तर मुंबईत ७० हजारांहून अधिक मते बाद झाली होती आणि बाबासाहेब सुमारे १४ हजारांनी हरले होते. ती जखम ताजी होती. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी दुसरे मत कुणालाच देऊ नये, वाया घालवावे, म्हणजे राखीव जागेचे गणित सुटेल. संविधान लिहिणारा माणूस मत जाळायला सांगणार नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती, असे चळवळीतले जुने लोक सांगत आले. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले, राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली आणि बाबासाहेब हरले. ती त्यांची लोकसभेची शेवटची निवडणूक. आपल्या लोकांनी दुसरे मत दिले. समोरच्यांनी ते बाबासाहेबांना दिले नाही. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले, पण या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

आज सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाने विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी त्याच न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय आम्ही मानतो. शंका विचारण्याचा हक्क मात्र आम्ही फेटाळून घेतलेला नाही.

१९५४ ला मताधिकाराचे वय २१ होते. त्या वेळी बाबासाहेबांना मत दिलेले जे कुणी पवनी, साकोली, लाखांदूर, मोहाडीत आज हयात असतील ते नव्वदी ओलांडून गेलेले आहेत. आमच्या तरुण वाचकांनी या महिन्यातच आपल्या गावच्या अशा आजी-आजोबांकडे वही घेऊन बसावे. केंद्र किती कोस होते, किती चालले, दुसरे मत कुणाला दिले आणि गावच्या पाटलाने त्याबद्दल काय ऐकवले, हे त्यांच्याच बोलीत उतरवून आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते पहिल्या पानावर छापू. वासरू थांबेल.