अंधारात काय असतं?

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. बाईंचं उत्तर कधी चुकतं का? चुकतं, बरं का! माझंही एक उत्तर चुकलं. आणि ते चुकलंय हे कळायला मला थेट अंदमानला जावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

त्याचं असं झालं. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या चौथीच्या वर्गात एका नाटुकल्याची तालीम चालली होती. तालीम संपेपर्यंत सहा-साडेसहा व्हायचे. एक मुलगी मात्र साडेपाच वाजले की दप्तर आवरायला लागायची. काम छान करायची, पण मध्येच निघून जायची. शेवटी मी तिला विचारलं, "काय गं, तुला तालीम आवडत नाही का?"

"आवडते, बाई. पण आमच्या वस्तीच्या वाटेवर दिवे नाहीत. अंधार पडतो." मग थोडं थांबून तिने हळूच विचारलं, "बाई, अंधारात काय असतं?"

मी घाईत होते. म्हटलं, "काही नसतं गं! उजेडात असतं तेच अंधारात असतं. भित्री भागूबाई कुठली!"

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तालमीलाच आली नाही.

आता तुम्हाला खरं सांगते. अंधाराची भीती मलाही वाटते. घरातले लाइट गेले की सगळ्यात आधी मेणबत्ती शोधणारी मीच! पण हे वर्गात कसं सांगणार?

असो. सुट्टी लागली. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अंदमानात असतो, श्री विजयपुरमला. म्हणजे आपलं पोर्ट ब्लेअर. 2024 मध्ये त्याचं नाव बदललं. दरवर्षी भाऊबीजेला तो येतो, या वेळी मी गेले. तिथून बोटीने दोनेक तासांवर स्वराज द्वीप नावाचं बेट आहे. 2018 पर्यंत त्याला हॅवलॉक म्हणत. भाऊबीजेच्या दिवशी आम्ही तिथे होतो. मी ओवाळलं, तर भाऊ म्हणाला, "ताई, यंदा ओवाळणीत साडी नाही. रात्री पाण्यातला उजेड दाखवतो."

मला वाटलं, किनाऱ्यावर रोषणाई वगैरे असेल. संध्याकाळी कळलं की होडीतून जायचंय. तेही रात्री, खारफुटीच्या जंगलात, आणि दिवे न लावता! मला तर पोहताही येत नाही. पोटात गोळाच आला. पण आठवीतला भाचा समोर उभा होता. म्हणाला, "आत्या, तू घाबरलीस?" आता काय बोलणार?

तिथे अंधार लवकर पडतो. पाच वाजून गेले आणि सूर्य मावळलासुद्धा! का, ते सांगा पाहू. भूगोलात शिकलाय तुम्ही. एका रेखांशाला 4 मिनिटं. अंदमान आपल्यापेक्षा जवळजवळ 19 रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. करा हिशोब! आणि भाऊबीज म्हणजे द्वितीया. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. नखाएवढी चंद्रकोर सूर्याच्या मागोमाग बुडाली आणि काळोख झाला. अशा सफरी मुद्दाम बिनचांदण्या रात्रीच काढतात.

आम्ही ज्या होड्यांतून गेलो त्यांना कयाक म्हणतात. कयाक म्हणजे लांबट, अरुंद आणि हलकी होडी. एकापुढे एक दोघांनी बसायचं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं वल्हवायचं. बसलं की आपण पाण्याच्या इतके जवळ असतो, की हात सोडला तर बोटं पाण्यात. आमचा वाटाड्या तिथलाच एक बंगाली तरुण होता. हिंदीत बोलायचा. त्याने आम्हाला लाइफ जॅकेट घातली, पट्टे स्वतः ओढून पाहिले. मला आपल्या कयाकमध्ये पुढे बसवलं. भाऊ आणि भाचा दुसऱ्या कयाकमध्ये. निघण्याआधी त्याने एकच नियम सांगितला, "दीदी, बॅटरी नाही, मोबाइल नाही. वीस मिनिटं काही दिसणार नाही. घाबरू नका. डोळ्यांना वेळ द्या."

निघालो. आणि खरंच, काही म्हणजे काही दिसेना! डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. फक्त वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज आणि चिखलाचा वास. मी मनात रामरक्षा सुरू केली. मग हळूहळू आकाशात चांदण्या वाढायला लागल्या. म्हणजे त्या होत्याच, मला दिसायला लागल्या. दोन्ही बाजूंची झाडं काळ्या भिंतींसारखी उभी राहिली. एवढ्यात भाचा ओरडला, "आत्या, तुझं वल्हं बघ!"

मी खाली पाहिलं. पाण्यात वल्हं बुडालं, की त्याभोवती निळसर चांदी उसळत होती! वल्हं वर काढलं, की त्यावरून ठिणग्या ओघळत होत्या. मी भीतभीत बोटं पाण्यात घातली. प्रत्येक बोटामागे एक एक उजेडाची रेघ! होडीखालून एक मासा सुर्रकन गेला. मासा दिसला नाही, पण त्याची वाट दिसली. हात थांबवला, की सगळं पुन्हा काळंभोर. हलवला, की पुन्हा दिवाळी!

आणि मी काय केलं असेल? तुम्हाला दाखवायला फोटो काढावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतला मोबाइल काढला. पडदा झगमगला मात्र, आणि सगळं गेलं! पाणी काळं, चांदण्या गायब, झाडंही दिसेनात. "आत्याऽऽ! बंद कर ना!" वाटाड्या रागावला नाही. म्हणाला, "आता पुन्हा थांबावं लागेल." माझ्या एका फोटोपायी सगळ्यांनी अंधारात होड्या उभ्या करून वाट पाहिली. आणि फोटोत काय आलं? काळा चौकोन!

त्या वेळात मी त्याला विचारत सुटले, आणि घरी आल्यावर पुस्तकंही पाहिली. ती माहिती तुमच्यासाठी.

हा उजेड पाण्याचा नसतो, पाण्यातल्या जिवांचा असतो. एका पेशीचे हे जीव, डायनोफ्लॅजेलेट त्यांचं नाव. त्यांतले कित्येक मिलिमीटरच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या शरीरात ल्युसिफेरिन नावाचं एक द्रव्य असतं. ल्युसिफेरेज नावाच्या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की प्रकाश पडतो. पाणी हललं, धक्का बसला, की पेशीत हे घडतं. एक चमक फक्त एक दशांश सेकंद टिकते! अशा लाखो चमका एकत्र झाल्या, की आपल्याला रेघ दिसते. दिव्याचा बल्ब तापतो ना, तसा हा प्रकाश तापत नाही. म्हणून त्याला थंड प्रकाश म्हणतात. आपला काजवाही अशाच प्रकारे चमकतो, फक्त त्याचं ल्युसिफेरिन वेगळं असतं.

दिवसा मात्र हे जीव चमकत नाहीत. त्यांच्या पेशीत जणू घड्याळच असतं. प्रयोगशाळेत त्यांना सतत अंधारात ठेवलं, तरी काही दिवस ते रात्रीच्याच वेळी जास्त चमकतात. आहे की नाही गंमत?

पण ते चमकतात कशासाठी? आपल्या करमणुकीसाठी खासच नाही! शास्त्रज्ञांना वाटतं, ही आरोळी असावी. एखादा छोटा जीव त्यांना खायला आला, की त्याच्या धक्क्याने उजेड पडतो. त्या उजेडात तो खाणाराच उघडा पडतो आणि मोठा मासा त्याला गट्ट करतो. चोर आला की आपण "चोर, चोर!" म्हणून ओरडतो ना, तसंच. एका पेशीच्या जिवाची ही युक्ती!

असं पाणी जगात अनेक ठिकाणी दिसतं. अमेरिकेजवळच्या प्वेर्तो रिको बेटांतल्या व्हिएकेस इथली मॉस्किटो बे ही खाडी यासाठी प्रसिद्ध आहे. 2006 मध्ये गिनीज बुकाने तिची सर्वांत तेजस्वी म्हणून नोंद केली. हे पाणी जपण्यासाठी तिथे पोहायला बंदी आहे. 2017 च्या मारिया चक्रीवादळानंतर ही खाडी काही महिने जवळजवळ विझलीच होती. नंतर पुन्हा उजळली.

आणि एवढं लांब कशाला? आपल्या कोकण किनाऱ्यावरही लाटा अशा चमकतात. नोव्हेंबर 2020 मध्ये तर मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर लोकांनी निळ्या लाटा पाहिल्या. आपल्याकडे हे काम बहुधा नॉक्टिल्युका या जिवाचं असतं. नावाचा अर्थच रात्रीचा दिवा! हा जरा मोठा, खसखशीच्या दाण्याहून लहान. मात्र एक लक्षात ठेवा. चमकलं म्हणजे सगळं छानच, असं नाही. नॉक्टिल्युका अतोनात वाढला, की माशांचं अन्न असलेली सूक्ष्म वनस्पती तोच फस्त करतो. अरबी समुद्रात तो वाढण्याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी आहे, असं हेल्गा गोम्स, जोआकिम गोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलं. शहराचं सांडपाणी समुद्रात गेलं, तरीही अशा जिवांना खतपाणी मिळतं. म्हणून लाट चमकली की टाळ्या जरूर वाजवा, पण ती का चमकली हेही विचारा.

परतताना बोटीत भाच्याने मला एक गोष्ट सांगितली. अंतराळाचं त्याला भारी वेड! 1970 मध्ये अपोलो 13 हे यान चंद्राच्या वाटेवर बिघडलं आणि सगळे सुखरूप परतले, हे तुम्ही वाचलं असेल. त्याचे कमांडर जिम लॉव्हेल. 1950 च्या दशकात ते नौदलात वैमानिक होते. जपानजवळच्या समुद्रावर एका रात्री त्यांना आपलं विमानवाहू जहाज सापडेना. त्यातच विमानातला एक दिवा लावायला गेले आणि शॉर्टसर्किट होऊन सगळे दिवे विझले! आता काय? त्यांनी काचेतून खाली पाहिलं, तर काळ्या समुद्रावर हिरवट उजेडाची एक लांब रेघ. जहाजाच्या पंख्यांनी घुसळलेल्या पाण्यातले जीव चमकत होते! त्या रेघेमागून जाऊन ते जहाजावर उतरले. विमानातले दिवे चालू असते, तर ती रेघ त्यांना दिसलीच नसती.

ही गोष्ट ऐकताना मला आमच्या वर्गातली ती मुलगी आठवली, आणि तिला दिलेलं माझं उत्तर.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्याच दिवशी मी वर्गात सांगितलं, "माझं एक उत्तर चुकलं होतं. अंधारात काही नसतं, असं मी म्हटलं होतं. अंधारात खूप काही असतं. आपल्या डोळ्यांना त्याच्यासाठी वेळ द्यावा लागतो. आणि अंधाराची भीती मलाही वाटते. मी हसायला नको होतं."

वर्ग एकदम गप्प झाला. मग ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, मग वाटेवर बॅटरी न्यायची की नाही?"

आता मात्र सगळेच हसले, तीसुद्धा! मी म्हटलं, "न्यायची तर! साप, विंचू, खड्डा यांच्यासाठी न्यायचीच. पण घरी पोचलीस, अंगणात आईजवळ बसलीस, की थोडा वेळ विझवायची." आणि तालीम आम्ही मधल्या सुट्टीत घ्यायला लागलो. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे!

आता तुमच्यासाठी काम. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गच्चीत किंवा अंगणात जा. रात्र बिनचांदण्याची असली तर उत्तम. जवळचे दिवे बंद करा. आकाशाचा एक तुकडा ठरवा आणि गेल्या गेल्या त्यातल्या चांदण्या मोजा. मग 20 मिनिटं तिथेच गप्पा मारत बसा. बॅटरी नाही, मोबाइल नाही! पुन्हा त्याच तुकड्यातल्या चांदण्या मोजा. दोन्ही आकडे आणि तुमच्या गावाचं नाव मला पोस्टकार्डावर कळवा. शहरातल्या मुलांनीही करा. आकडा लहान आला म्हणून लपवू नका. तो का लहान आला, तेच तर आपल्याला शोधायचंय!

एक मात्र बजावून सांगते. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात रात्री माहितगार मोठ्या माणसांशिवाय पाऊल टाकायचं नाही. अंदमानच्या खारफुटीत मगरीही असतात, हे मला वाटाड्याने परत आल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं, तर आजची गोष्ट तुम्हाला मिळालीच नसती!

तुमच्या पत्रांची वाट पाहतेय.

तुमच्या,
बाई