सर्ज प्रोटेक्शन: आधी अर्थिंग विचारा, मग ब्रँड!



आपट्यासारख्या गावात आज ब्रॉडबँडची फ्रँचायझी, सीसीटीव्हीचं काम किंवा ऑनलाइन सेवा केंद्र सुरू करायला वाव आहे. पनवेल-रोहा मार्गावरचं स्टेशन, जवळच रसायनी आणि पाताळगंगा एमआयडीसी. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण मे महिन्यातला वळीव आणि दसऱ्याच्या आसपासचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. एक जोरदार सर्ज आला की ओएलटी, स्विच, राउटर सगळं गार! आणि ‘नेट कधी येणार?’ हे फोन कंपनीला नाही, तुम्हाला येतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: सर्ज प्रोटेक्शन हा ‘नंतर बघू’चा खर्च नाही. तो पहिल्या दिवसाच्या भांडवलात धरा. आणि डब्यावर छापलेला मोठा केए आकडा बघून खरेदी करू नका.

तंत्रज्ञान मुख्यतः तीन प्रकारचं आहे.

१. जीडीटी (गॅस ट्यूब): मोठा करंट झेलते, पण जागी व्हायला किंचित वेळ लावते.

२. एमओव्ही: वीजपुरवठ्याच्या लाइनसाठी उत्तम. पण प्रत्येक सर्जनंतर थोडं थोडं झिजतं. त्यामुळे खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की बदलायचं.

३. टीव्हीएस डायोड: सगळ्यात चपळ, पण ताकद कमी.

यातलं ‘बेस्ट’ कुठलं? प्रश्नच चुकीचा आहे! मेन बोर्डावर टाइप २ एसपीडी लावा. इमारतीवर वीजरोधक असेल तर टाइप १ सुद्धा लागतो. नेटवर्कच्या तांब्याच्या केबलला मात्र जीडीटी आणि कमी कपॅसिटन्सचा टीव्हीएस एकत्र असलेला प्रोटेक्टर घ्या. साधं एमओव्ही तिथे गिगाबिट सिग्नल बिघडवतं. कॅमेऱ्याला पीओई असेल तर प्रोटेक्टरही पीओईचाच हवा.

‘माझं तर फायबर आहे, मला काय?’ असं म्हणू नका. काचेतून वीज जात नाही, पण खांबावरून ओढलेल्या केबलमधल्या लोखंडी तारेतून जाते. ती तार अर्थ करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्थिंग नसेल तर महागडा एसपीडीही पैसे पाण्यात. सर्जला जायला वाट तर हवी! विजेचं आणि नेटवर्कचं अर्थिंग वेगवेगळं ठेवू नका, एकमेकांना जोडा. नाहीतर दोन्हींमधला फरक तुमच्या मशीनमधून वाट काढतो. एसपीडीच्या वायरी आखूड ठेवा, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत. १० केएच्या सर्जमध्ये एक मीटर वायरवर साधारण १,००० व्होल्ट जास्तीचे उभे राहू शकतात.

आणखी एक. न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात, तेही बराच वेळ. हे एसपीडीचं काम नाही, त्यात तो स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ वेगळा घ्या. स्टॅबिलायझर किंवा दहा भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्शन नव्हे.

आजचा गृहपाठ: दुकानात येणारी प्रत्येक तार कागदावर लिहा. वीज, नेट, कॅमेरा, छतावरचा अँटेना. प्रत्येकीसमोर ‘इथे काय लावलंय?’ ते लिहा. एक जरी रकाना रिकामा राहिला, तरी सर्ज नेमका तिथूनच येईल. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, आणि मगच दुकानदाराला भाव विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!