फवारणीचा प्रश्न वैद्यकाचाही आहे

पांढुर्णा-सौंसरचा परिसर संत्री आणि कापूस या दोन पिकांच्या आधारावर उभा आहे. दोन्हींवर किडींचा डोळा असतो, त्यामुळे फवारणीचा पंप शेतकऱ्याच्या पाठीवरून सहसा उतरत नाही. मात्र हा विषय केवळ कृषी विभागाचा आहे, असे वैद्यकाने मानणे आता योग्य ठरणार नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन देऊन आपण प्राण वाचवू शकतो. पण रुग्ण त्याच शिवारात, त्याच पंपाकडे परततो. खरा प्रतिबंध शेतातच व्हावयास हवा.

त्याचा मार्ग निसर्गाने दाखविला आहे. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा खवलेकिडीने उजाड होत असता ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणून सोडण्यात आले आणि अल्पावधीत कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात त्या भागात डीडीटी फवारले गेले. ढालकिडे मेले आणि कीड परतली. मित्रकीटकांचा संहार हा शेतकऱ्याचाच तोटा, हा त्याचा बोध.

आपल्याकडेही पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, बोंडअळीची अंडी नष्ट करणारे ट्रायकोग्रामा, पिठ्या ढेकणाचा फडशा पाडणारे ढालकिडे हे उपाय उपलब्ध आहेत. त्यांचा परिणाम सावकाश दिसतो, नियमित निरीक्षण लागते, आणि प्रादुर्भाव हाताबाहेर गेल्यास रसायन वापरावेही लागते. म्हणून रसायन हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय असावा.

एक इशारा मात्र वैद्यकानेच द्यावयास हवा. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते; कण्हेर आणि धोतरा हेही विषच आहे. अर्क तयार करतानाही हातमोजे हवेत आणि भांडी वेगळी हवीत.

चक्कर, मळमळ, घाम किंवा धूसर दृष्टीची तक्रार घेऊन शेतमजूर दवाखान्यात आला, तर "काय फवारले होते?" हा प्रश्न आपण प्रत्येक वेळी विचारावा आणि उत्तर नोंदवून ठेवावे. अशा नोंदींतूनच कोणत्या गावात कोणते विष घातक ठरते, हे उमगेल आणि कृषी विभागाशी आपणास पुराव्यानिशी बोलता येईल. संत्र्याची बाग बहरावी. पण ती राखणाऱ्याच्या प्राणांच्या मोलाने नव्हे.