भाषेला सोबती हवेत

कोणी आपल्या बुद्धीने एखादी भाषा रचली आणि ती पाळण्यातील मुलाशी बोलावयास आरंभ केला, तर ती त्या मुलाची मातृभाषा होईल काय? हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाही. असे प्रयत्न प्रत्यक्ष झालेले आहेत.

नेत्रवैद्य झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे एस्पेरांतो ही भाषा प्रसिद्ध केली. पुढे या भाषेमुळेच एकत्र आलेल्या भिन्नभाषी दांपत्यांच्या घरी ती मुलांच्या कानी जन्मापासून पडू लागली. अशा आठ मुलांच्या बोलण्याचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कर्माला जोडावयाचा 'न' हा प्रत्यय काही मुले गाळीत होती आणि वाक्यातील शब्दांचा क्रम स्थिर होऊ लागला होता. व्याकरण झामेनहॉफ यांचे खरे. परंतु मुलांनी ते आपल्या सोयीने वळविले.

याउलट एक उदाहरण अमेरिकेतील आहे. चित्रपटासाठी रचलेली क्लिंगॉन भाषा १९९० नंतरच्या दशकात एका भाषाभ्यासक पित्याने आपल्या मुलाशी सुमारे तीन वर्षे बोलून पाहिली. मुलाची आई इंग्रजीच बोलत असे. क्लिंगॉनमध्ये घरातील नित्याच्या वस्तूंनाही पुरेसे शब्द नव्हते आणि पित्यावाचून ती बोलणारे मुलाच्या भोवती कोणी नव्हते. मुलाने ती पुढे टाकून दिली.

निकाराग्वामधील हकीकत याहूनही बोधप्रद आहे. तेथे १९७७ नंतर मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांना शाळेत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आणण्यात आले. शिक्षकांचा भर ओठांच्या हालचाली ओळखण्यावर व स्पॅनिश उच्चारांवर होता. त्यात फारसे यश आले नाही. परंतु मुले आपापल्या घरच्या खुणा घेऊन आली होती. खेळता-खेळता त्या खुणांची एक सामाईक बोली झाली, आणि मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला नियमबद्ध व्याकरण दिले. ती कोणी रचली नाही, कोणी शिकविलीही नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे की, भाषा रचलेली आहे की परंपरागत, हा प्रश्न मुलाच्या दृष्टीने गौण होय. ती बोलावयास सवंगडी आहेत काय, हा खरा प्रश्न. हौसेने नवी भाषा देऊ पाहणाऱ्या पालकाने ती अवश्य द्यावी. मात्र शेजारपाजारची भाषा हिरावून घेऊन नव्हे. आणि ज्या घरी मूल बहिरे आहे, तेथे तर हा हौसेचा विषयच राहत नाही. बोलके शब्द उमटण्याची वाट पाहत त्याला खुणांच्या भाषेपासून व ती बोलणाऱ्यांपासून दूर ठेवणे म्हणजे त्याची भाषा शिकण्याची अमोल वर्षे वाया घालविणे होय. राहिलेला शब्द मागाहून शिकता येतो. ती वर्षे मात्र परत मिळत नाहीत.